एका ब्लॉकात एकच गाडी

काकांनी माझ्याशी ओळख करून घेतली ती माझ्या स्कूटरच्या चाकांखाली दगड ठेवून.

त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला आले, त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. ऑफिसला उशीर झाला होता. स्कूटर सुरू केली, रेस दिली, पण ती जागची हलेना. आणखी रेस दिली. शेजारच्या गच्चीवरच्या बाई कपडे वाळत घालायचं सोडून पाहू लागल्या. मला कोणी पाहू लागलं की माझं डोकं बंद पडतं, त्यामुळे खाली वाकून बघायचं मला सुचलंच नाही. मी नुसती रेस देत राहिले. शेवटी पायरीवर बसून दात घासणारे काका तोंडातला फेस सांभाळत म्हणाले, "पहिले दगड तं काढ ना, पोरी."

दोन्ही चाकांखाली एकेक दगड पाचरीसारखा ठोकून बसवला होता. अंगण परातीसारखं सपाट होतं. "उभी गाडी कधीही पळते," काका म्हणाले. अंगण सपाट आहे, हे मी म्हणायला हवं होतं. मी "थँक यू" म्हणाले.

काका मालगाडीवर गार्ड होते. उभी नोकरी शेवटच्या डब्यात एकट्याने बसून काढलेला माणूस. ते रिटायर झाल्यावर सरकारने गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, ते त्यांना अजिबात आवडलं नव्हतं. "मॅनेजर हॉटेलात राह्यते," असं ते म्हणत. "गार्ड म्हंजे गार्ड." त्यांच्या बोलण्यात अजून नागपूरकडचा हेल होता, जरी त्यांचं सगळं आयुष्य रायपूरच्या एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गेलं होतं. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ आमच्या गच्चीवर रोज सकाळी साचायची. ती ते स्वतः पुसायचे आणि फडकं नाकाशी नेऊन म्हणायचे, "हा माल मीच ओढला आहे."

माझ्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. घर बिलासपूरचं, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. म्हणजे मला तीन भाषांमध्ये गप्प बसता येतं. नोकरी नवा रायपुरात होती. तिथले रस्ते एवढे रुंद आणि रिकामे आहेत, की पलीकडच्या माणसाला ओळख द्यावी लागत नाही. मला ते शहर फार आवडायचं.

रिटायर झाल्यावर लोक देवाला जातात, बागेत जातात. काकांनी गिअरची माउंटन बाइक घेतली. शिवाय एक जुनी व्हॅन होती, तिच्या मागच्या सीटा काढून टाकलेल्या. त्यात सायकल, तंबू, घडीची खुर्ची, खिचडीचं पातेलं आणि लाल-हिरव्या झेंड्या असं सामान घालून ते महिन्यातून एकदा एकटेच निघायचे. कधी सिरपूरकडे, कधी धमतरीच्या पुढे. जंगलाच्या तोंडाशी व्हॅन लावायची, चारही चाकांखाली दगड ठेवायचे आणि पुढे सायकलवर. रात्रीचा मुक्काम वनसमितीने आखून दिलेल्या जागेवर, तंबूत.

त्यांच्या सायकलिंगमध्ये एक घोळ होता. ते चढ चढायचे, उतार मात्र उतरायचे नाहीत. म्हणजे उतरायचे, पण खाली उतरून, सायकल हातात धरून, चालत. माउंटन बाइकवाले ज्या उतारासाठी जगतात, तो उतार आला की काकांच्या दोन्ही हातांची बोटं आपोआप ब्रेकवर आवळायची आणि सुटायचीच नाहीत. "ड्रायवर पळवते, गार्ड थांबवते," ते म्हणायचे. "मले पळवता येत नाही, काय करू?"

तंबूपुढे खुर्ची मांडायची तीसुद्धा पुढच्या डोंगराकडे नाही, नदीकडेही नाही. ज्या वाटेने आलो त्या वाटेकडे तोंड करून. ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या त्या शेवटच्या डब्यात, त्यांनी जन्मभर मागे सरकत जाणारी झाडंच पाहिली होती. सायकलच्या कॅरिअरमागे एक पिवळी पत्र्याची पाटी असायची, तिच्यावर एल.व्ही. अशी अक्षरं. एकदा सिग्नलवर एका मोटरसायकलवाल्याने विचारलं, "अंकल, एल.व्ही. मतलब?"

"लास्ट व्हेइकल," काका म्हणाले. "मेरे पीछे कोई नहीं है." त्यांच्या मागे तेव्हा दोन ट्रक, एक सिटी बस आणि स्कूटरवर मी होते. सगळे हॉर्न वाजवत होते. मी सोडून.

त्या पाटीचा अर्थ त्यांनी मला नंतर समजावला. शेवटच्या डब्यावर ती पाटी दिसली, म्हणजे गाडी पूर्ण आली, मागे काही सुटून राहिलं नाही. पाटी दिसली नाही, तर अर्धी गाडी वाटेत राहिली असं समजायचं, आणि ती सापडेपर्यंत त्या मार्गावर दुसरी गाडी सोडायची नाही.

मी त्यांची कंट्रोल, म्हणजे गाडी कुठे पोचली याची खबर ठेवणारी, झाले ती त्यांच्या मुलामुळे. मुलगा पुण्याला होता, त्याला मी दादा म्हणायचे. काकूंना जाऊन काही वर्षं झाली होती, आणि वडिलांनी एकट्याने जंगलात झोपणं त्याला पसंत नव्हतं. मी राहायला आल्यावर त्याने मला फोन केला. मी अनोळखी नंबर उचलत नाही, त्यामुळे बरेच फोन केले. शेवटी मेसेज आला: बाबा बाहेर असतील तेव्हा ते सुखरूप आहेत एवढं रोज संध्याकाळी कळवा. एकदा जरी चुकलं, तरी मी व्हॅन विकीन आणि बाबांना कायमचं इकडे आणीन.

काकांना मी तो मेसेज वाचून दाखवला. ते बराच वेळ व्हॅनच्या चाकाखालचा दगड पायाने घट्ट करत राहिले. मग म्हणाले, "पुण्यात बाराव्या मजल्यावर राह्यते तो. तेथं खिडकीतून वाट दिसत नाही, फक्त दुसऱ्याची खिडकी दिसते." नंतर माझ्याकडे पाहून, "तुले फोनवर बोलाले जमते?"

"नाही," मी म्हणाले. माझ्या आयुष्यातलं हे सर्वात प्रामाणिक उत्तर असावं.

काका खूश झाले. "मलेही नाही जमत!"

मग आमची पद्धत ठरली. मुक्कामाच्या अलीकडे कुठे रेंज मिळाली की काकांनी दोन रिंग द्यायच्या आणि कट करायचं. मी उलट दोन रिंग द्यायच्या. गार्ड आणि स्टेशन मास्तर एकमेकांना झेंडी दाखवतात, तसं ऑलराइट. त्यानंतर मी दादांना इंग्रजीत मेसेज टाकायचा: Reached. Safe. कोणाला कोणाशी बोलावं लागत नव्हतं. एवढं सुखाचं नातं मी दुसरं पाहिलेलं नाही.

हे बरेच महिने छान चाललं. बिघडवलं मी.

झालं असं की मलाही एकटीने कुठेतरी जावंसं वाटू लागलं. ऑफिसमधल्या मुली हिमालयात जाऊन फोटो टाकत होत्या. मी एक माउंटन बाइक घेतली. नवा रायपुरात चढ म्हणजे स्पीडब्रेकर. त्यामुळे थोड्याच दिवसांत ती बाल्कनीत उभी राहिली आणि तिच्यावर टॉवेल छान वाळू लागले. तंबू मी गच्चीवर लावून पाहिला. तो लागला, पण आत शिरायचं दार भिंतीकडे आलं.

शेवटी मी काकांना विचारलं, मी तुमच्यासोबत येऊ का?

"सोबत आली तं सोलो कसं होईन?"

"मग तुमच्या मागे?"

यावर त्यांनी विचार केला. संध्याकाळी त्यांनी अंगणात खडूने एक रेघ ओढून तिचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा म्हणजे एक ब्लॉक. एका ब्लॉकात एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी पुढच्या स्टेशनात पोचली, तिथून लाइन क्लिअर आला, की मगच मागची सोडायची. "तू नाक्यावर थांबजो. मी कॅम्पले पोचलो का तुले लाइन क्लिअर देतो. मंग तू निघजो. तू बी एकटी, मी बी एकटा."

दोन माणसांनी एकाच ठिकाणी जाऊन दोघांनीही एकटं राहायचं, ही कल्पना मला अत्यंत शहाणपणाची वाटली. यावरून माझी कल्पना यावी. कंट्रोलच गाडीत बसली तर कंट्रोल कोण करणार, हे दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

नाक्यापर्यंत आम्ही व्हॅननेच गेलो, पण काकांनी मला मागे सायकलींच्या मधे बसवलं. "येथवर तू माल आहे," ते म्हणाले. "माल बोलत नाही." धमतरी मागे पडेपर्यंत मला कळलंही नाही, की हा विनोद होता.

नाका म्हणजे एक चहाची टपरी आणि वनखात्याचा आडवा दांडा. टपरीवरच्या बाईला काकांनी विचारलं, "हाथी हे का?" ती म्हणाली, "नइ हे बाबा, ओ पार चल दिस." हत्ती नदीपलीकडे गेले होते. काकांनी पिवळी पाटी स्वतःच्या सायकलवरून सोडून माझ्या कॅरिअरला तारेने बांधली. "आता शेवटची गाडी तू," ते म्हणाले आणि लाल मुरमाच्या वाटेने सालवृक्षांत दिसेनासे झाले. त्याआधी पहिल्याच उतारावर ते उतरून चालू लागलेले मला दिसले होते.

मी बाकावर बसले. चहा घेतला. वाट पाहिली.

कॅम्पवर रेंज नसते हे मला माहीत होतं. नेहमी ते अलीकडच्या टेकाडावरून रिंग देत. पण आज कॅम्पला पूर्ण पोचल्याशिवाय लाइन क्लिअर देता येत नव्हता, नियमच तसा. मग ते देणार कसे? हा प्रश्न मी सकाळी विचारायला हवा होता. पण मी माल होते.

दुपार उलटली. जंगलाच्या बाजूने एक मोटरसायकल आली. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पातेली, डबे आणि झारे लटकत होते. रायपूरच्या गोल बाजारातून भांडी नेऊन गावोगाव विकणारा माणूस. तो टपरीपाशी थांबला, माझ्याकडे आणि सायकलकडे पाहिलं.

"दीदी, रायपुर से आई हो क्या?"

"नहीं," मी म्हणाले.

"अकेली हो?"

"नहीं."

तो घोटाळला. "वो साइकिल वाली मैडम आप नहीं हो?"

माझ्या गुडघ्यावर हेल्मेट होतं, मागे सायकल होती, आणि आसपास दुसरी कोणतीही मॅडम नव्हती. मी म्हणाले, "नहीं, भैया," आणि कानात इअरफोन घातले. त्यांत गाणं लावलेलं नव्हतं. एकट्या मुलीने अनोळखी माणसाला काही सांगू नये, हे मला लहानपणापासून इतकं पक्कं शिकवलं गेलं आहे, की झोपेतही मी माझं नाव चुकीचं सांगेन. तो खांदे उडवून भांडी वाजवत निघून गेला. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

ऊन उतरू लागलं तेव्हा दादांचा फोन आला. मी तो वाजताना पाहत राहिले. मग मेसेज आला, "बाबा पोचले का?" मी Reached. Safe. असं टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा टाइप केलं आणि पुन्हा पुसलं. मला खरंच माहीत नव्हतं. पुन्हा फोन वाजला. उचलला तर सांगावं लागणार, की तुमचे वडील सकाळी जंगलात गेले आणि आता कुठे आहेत ते कळत नाही. नाही उचलला तरी तेच सांगितल्यासारखं होतं. व्हॅन माझ्यासमोर उभी होती, चारही चाकांखाली नीट दगड ठेवलेली. मला एकदम वाटलं, की ही व्हॅन मी आत्ताच विकते आहे.

लाइन क्लिअर न घेता मी निघाले.

त्या वाटेचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी फक्त पुढचं चाक पाहत होते. चढ मी ढकलत चढले. टेकाडाच्या माथ्यावरून उतार लागला. काका जिथे उतरून चालत असतील, तिथे मी उतरायचं विसरले. सायकल पळू लागली. मी व्हिडिओत पाहिलं होतं, की अशा वेळी मागे सरकून बसायचं, गुडघे सैल सोडायचे, नजर लांब ठेवायची. मी डोळे मिटले आणि पुढचा ब्रेक दाबला. सालाच्या पानांचा ढीग मऊ असतो, एवढं मी अनुभवाने सांगू शकते.

कॅम्पच्या अलीकडच्या वळणावर लाल झेंडी फडफडली.

काका वाटेकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. धडधाकट. झेंडी धरलेल्या हातात खिचडीचा डाव होता.

"थांब! लाइन क्लिअर भेटला?"

"नाही."

"मंग कशी आली?"

"तुम्ही दिलाच नाही!"

"काहून नाही देला? भांडेवाल्याजवळ निरोप देऊन पाठवला, का बाबा पोचले, मॅडमले सोडा म्हणा. तो आला नाही?"

मी गप्प बसले. तिन्ही भाषांमध्ये.

"आला होता?"

"आला होता. त्याने विचारलं, तुम्हीच का ती सायकलवाली."

"मंग?"

"मी नाही म्हणाले."

"काहून?"

"अनोळखी होता."

काकांनी माझ्या केसांतली पानं पाहिली, फाटलेला गुडघा पाहिला. "सोलो ट्रीपले निघालेली पोट्टी," ते पुटपुटले, "अन् ओळखीचा मानूस पायजे हिले." मग ते माझ्या मागे गेले आणि त्यांचा चेहरा उतरला. "पाटी कुठं आहे?"

पाटी पडली होती.

"गाडी पूर्ण नाही आली," काका म्हणाले. ते रागावले नव्हते. ते खरोखर काळजीत पडले होते. अर्धी गाडी कुठे तरी सुटून राहिली आहे, असंच त्यांना वाटत असावं. मला पाणी दिलं, बसू दिलं नाही.

उजेड होता तोवर मी टेकाडाकडे परत गेले. पाटी पानांच्या ढिगात चमकत होती. ती उचलली आणि खिशातला फोन थरथरू लागला. तेवढ्याच जागी रेंज होती. दादांचे एकामागून एक मिस कॉल उतरत होते, आणि ते उतरत असतानाच नवा फोन आला.

मी उचलला.

"बाबा?" दादा ओरडले.

"सुखरूप आहेत," मी म्हणाले. "खिचडी करून राहिले." मग मला थांबताच येईना. ब्लॉक, लाइन क्लिअर, भांडेवाला, माझं नहीं नहीं, पुढचा ब्रेक, सगळं सांगितलं. एवढं सलग मी माझ्या इंटरव्ह्यूतही बोलले नव्हते. चूक माझी होती, त्यांची नाही, हे मी तीनदा तरी म्हणाले असेन.

 मग दादा म्हणाले, "तुला माहीत आहे, मी लहान असताना आई ताट झाकून बसायची. मालगाडी कुठे अडकली, कधी येणार, काही कळायचं नाही. ते आले की आले. वाटेतल्या प्रत्येक स्टेशनला ऑलराइट द्यायचे ते. घराला कधीच नाही दिलं." मग म्हणाले, "मला मेसेज नको असतो गं. तुझा तर नकोच असतो."

 "व्हॅन?" मी विचारलं.

"सकाळी बघू."

मी पाटी घेऊन परत आले. काकांनी ती स्वतः बांधली, दोन पावलं मागे सरून पाहिली आणि मला हिरवी झेंडी दाखवली. मग बसू दिलं. खिचडी खालून करपली होती. खाताना मी दादांचं बोलणं सांगितलं, ताटाचंही. काका डावाने पातेल्याचा तळ खरवडत राहिले.

"पुणं का स्टेशन आहे?" ते शेवटी म्हणाले. पण मग त्यांनी उठून खुर्ची फिरवली. ते वाटेकडे पाठ करून बसले.

आता मी त्या घरात राहत नाही. नवा रायपुरात ऑफिसजवळ खोली घेतली आहे, आणि माझ्या सायकलवर अजूनही टॉवेल वाळतात. पण दुसऱ्या दिवशीची ती सकाळ मला नीट आठवते.

परतताना टेकाड चढायचं होतं. काका झपाझप चढून गेले, मी धापा टाकत ढकलत पोचले. माथ्यावर त्यांनी सायकल झाडाला टेकवली, चाकांखाली दगड ठेवले, माझ्याही सायकलला ठेवले. मग सदऱ्याच्या खिशातून बटणांचा फोन काढला, लांब धरून नंबर लावला आणि कानाशी न नेता रिंग मोजली. एक. दोन. कट.

"देला ऑलराइट," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

आम्ही वाट पाहिली. फोन त्यांच्या तळहातावर गप्प पडून होता. "ऑफिसात गेला असन," ते म्हणाले. "झोपला असन." मग, "त्याले कोणं शिकवलं आहे का उलट दोन द्याव लागते म्हणून?" मी म्हणाले, नाही, काल मी तेवढं सांगायला विसरले. त्यांनी फोन खिशात ठेवला. परत काढला.

तेवढ्यात तो वाजला.

काकांचा चेहरा उजळला. एक. दोन. ते समाधानाने मान डोलावून फोन खिशात टाकणार, तर तिसरी रिंग वाजली. मग चौथी. काका माझ्याकडे पाहू लागले, एखादी गाडी लाल सिग्नल तोडून आत शिरताना दिसावी तसे.

"दोनच पायजे ना! काहून वाजून राह्यला हा?"

"उचला, काका."

"अन् बोलू काय?"

हे त्यांनी जगात ज्या एका माणसाला विचारायला नको होतं, तिला विचारलं होतं. मी हात पुढे करून त्यांच्या फोनचं हिरवं बटण दाबलं.